गुलमर्गला स्कीइंगला जाताय? पहिला दिवस खालीच काढा

मुंबई-पुण्याहून सकाळच्या विमानाने श्रीनगर गाठलं की संध्याकाळपर्यंत आपण गुलमर्गला, म्हणजे साधारण २,६५० मीटर उंचीवर असतो. दुसऱ्याच सकाळी गोंडोलाच्या, म्हणजे केबल कारच्या, दुसऱ्या टप्प्याने अफरवट डोंगरावर, जवळपास ३,९५० मीटरवर जायचा मोह होतो. तो आवरा. कमी उंचीवरून आलेल्या शरीराला विरळ हवेची सवय व्हायला वेळ लागतो, आणि व्यायामाची सवय असलेल्यांनाही उंचीचा त्रास होतो.

पहिला दिवस गावाजवळच्या सौम्य उतारावर घसरण्याचा, थांबण्याचा सराव करा. दुसऱ्या दिवशी फक्त पहिला टप्पा, कोंगदूरी. अफरवटचं तिसऱ्या-चौथ्या दिवशी बघू. डोकं ठणकतंय, मळमळतंय, जेवण जात नाहीये, तर आणखी वर जाऊ नका. त्रास वाढला, तोल जाऊ लागला किंवा बसल्याजागी धाप लागली, तर रात्र उलटायची वाट न पाहता खाली उतरा आणि डॉक्टरांना गाठा. तहान लागली नाही तरी पाणी पीत राहा. दारू नकोच.

आणखी एक, सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडांनाही लावा. बर्फावरून परावर्तित झालेलं ऊन खालून भाजतं, हे आपल्याकडच्यांच्या लक्षातच येत नाही.