स्वतःच्या क्लासची बेरीज ‘सम’मध्ये अडू नये म्हणून

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत स्वतःच्या क्लाससाठी (म्हणजे आपण ठरवलेल्या वस्तूंच्या प्रकारासाठी) + चिन्हाचा अर्थ ठरवून दिल्यावर दोन वस्तूंची बेरीज बिनचूक होते, पण त्याच वस्तूंची यादी ‘सम’ या बेरीज करणाऱ्या फंक्शनला दिली की टाइपएरर, म्हणजे प्रकार न जुळल्याची चूक, येतो. म्हापशातील एका काजूविक्रेत्यासाठी हिशेबाचा प्रोग्राम लिहिताना 2 किलो 750 ग्रॅम आणि 1 किलो 500 ग्रॅम मिळून 4 किलो 250 ग्रॅम व्यवस्थित येत होते. मात्र शुक्रवारच्या बाजाराची एकूण विक्री काढताना प्रोग्राम थांबला, कारण ‘सम’ बेरजेची सुरुवात साध्या 0 पासून करते आणि त्यात ‘वजन’ या आपल्या क्लासची वस्तू कशी मिळवायची हे पूर्णांकाला ठाऊक नसते.

1. ‘सम’ला यादीनंतर दुसरे मूल्य म्हणून शून्य वजनाची वस्तू द्यावी.
2. हे दरवेळी लिहायचे नसेल, तर क्लासमध्ये + चा अर्थ ठरवणाऱ्या ‘ॲड’ मेथडसोबत, वस्तू + च्या उजवीकडे असताना चालणारी ‘आरॲड’ ही मेथडही (दोन्ही नावांच्या मागेपुढे दोन-दोन अंडरस्कोर) लिहून, डावीकडे 0 आल्यास तीच वस्तू परत करावी.
3. दोन्ही मेथडमध्ये अनोळखी प्रकार आल्यास ‘नॉटइम्प्लिमेंटेड’ हे मूल्य रिटर्न करावे, म्हणजे वजनात चुकून रुपये मिळवले जात नाहीत.

मला पहिला मार्ग अधिक पटतो, कारण दुसऱ्या मार्गात एखाद्या दिवशी विक्रीच झाली नसेल तर रिकाम्या यादीची बेरीज ‘वजन’ न येता नुसते 0 येते आणि पुढे ग्रॅम विचारताच प्रोग्राम पुन्हा अडतो.

एक खबरदारी घ्यावी: क्लासमध्ये == चा अर्थही बदलल्यास ‘हॅश’ मेथड (वस्तू शोधण्यासाठी तिचा एक पूर्णांक काढून देणारी) स्वतः लिहावी, अन्यथा त्या वस्तू सेटमध्ये किंवा डिक्शनरीची की म्हणून वापरता येत नाहीत.