शंभर ब्लॉकचा सॅम्पलर क्विल्ट अडकलाय? असा पुढे न्या

सॅम्पलर क्विल्टमध्ये, म्हणजे तुकडे जोडून केलेले चौकोनी ब्लॉक शिवून बनवलेल्या गोधडीत, प्रत्येक ब्लॉकचं डिझाइन वेगळं, तीच त्याची मजा, पण गाडी अडते तीही तिथेच, कारण दर वेळी नवीन कापड निवडा, नवीन मापं काढा, नवीन पद्धत समजून घ्या. माझा शंभर ब्लॉकचा क्विल्ट ३७ वर येऊन कितीतरी महिने डब्यात पडून होता. मग लक्षात आलं की शिवायला वेळ लागतच नव्हता, बसले की तासभर कापडं उलथीपालथी करण्यात जायचा आणि एक टीप घालायच्या आधी उठायची वेळ व्हायची. म्हणून सांगते, निवडणं, कापणं आणि शिवणं ही तीन कामं वेगवेगळ्या दिवशी करा.

सगळ्यात आधी हिशोब. ब्लॉकचं तयार माप (शिवणीत जाणारं कापड सोडून) ६ इंच धरलं आणि दहा बाय दहा मांडणी केली तर नुसते ब्लॉकच ६० इंच, मध्ये १ इंची पट्ट्या म्हणजे सॅशिंग घातलं की ६९. एवढं नको असेल तर आत्ताच ६४ किंवा ४९ ब्लॉकवर या, क्विल्ट तेवढाच छान होतो. बॅकग्राउंडचं कापड मात्र सगळ्या ब्लॉकना पुरेल एवढं एकदम घेऊन ठेवा, नंतर तीच शेड मिळेलच असं नाही.

मग मशीनची माया, म्हणजे टिपेबाहेर सोडलेलं कापड, तपासा, हे टाळू नका प्लीज. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या पाव इंच माया ठेवून शेजारी शेजारी जोडा, इस्त्री करा आणि मोजा. एकूण रुंदी साडेतीन इंच आणि मधली पट्टी बरोब्बर १ इंच दिसली पाहिजे. कमी भरली तर सुई एक घर सरकवून परत करा. एका जोडात १/१६ इंच जास्त खाल्ला गेला तर आठ जोडांच्या ब्लॉकमध्ये अर्धा इंच जातो, आणि आपण बसतो कापायला कुठे चुकलं ते शोधत.

आता पाऊच, माझ्यासाठी सगळं इथेच बदललं. एका बसणीत फक्त सहा-आठ ब्लॉकचे रंग ठरवायचे, दुसऱ्या बसणीत ते सगळे कापायचे आणि प्रत्येक ब्लॉकचे तुकडे एका झिप पाऊचमध्ये, सोबत डिझाइनचं चित्र आणि तुकड्यांवर अ, ब, क लिहिलेल्या चिठ्ठ्या पिन करून. माझ्या मशीनशेजारी कायम चार पाऊच उभे असतात, वीस मिनिटं मिळाली तरी हात घातला की शिवण सुरू. चारातला एकच अवघड ठेवा, सलग तीन अवघड आले की डबा परत बंद होतो.

शिवताना दोन ब्लॉक एकत्र घ्या आणि जोड्या माळेसारख्या एकामागून एक मशीनखाली सोडा, मध्ये दोरा कापू नका, शेवटी एकदमच कापा. त्रिकोणांची कड उरेब, म्हणजे तिरकी कापलेली असते, ती ताणली जाते, म्हणून इस्त्री फिरवायची नाही, नुसती वरून दाबायची. दोन त्रिकोण जोडून झालेल्या २ इंची तयार चौकोनासाठी पुस्तकं २ ७/८ इंचाचे चौकोन सांगतात, मी सरळ ३ इंचाचे कापते आणि शिवल्यावर अडीचला ट्रिम करते, थोडं कापड वाया जातं पण उसवणं वाचतं. बारीक टोकदार तुकडे असतील तर कागदावर शिवा, टाका १.५ मिलिमीटर ठेवा म्हणजे कागद सहज फाटून निघतो.

ब्लॉक झाला की लगेच साडेसहा इंचाला ट्रिम. १/८ इंच कमी पडला तर चालवून घ्या, सॅशिंगमध्ये जिरतो. पाव इंच कमी असेल तर सगळा उसवू नका, मधल्या लांब जोडाची माया मोजा, बहुतेकदा तिथेच जास्त गेलेली असते, तेवढाच जोड उसवला तरी काम होतं. आणि त्याच दिवशी ब्लॉकच्या उजव्या बाजूला दीड इंचाची पट्टी जोडून टाका, शेवटच्या कॉलमचे तेवढे सोडून. सगळं जोडकाम शेवटी ठेवलं की तोच एक वेगळा डोंगर होतो.

शिवलेल्या ब्लॉकमधल्या तुकड्यांचा आकडा वहीत मांडत जा. अमेरिकेतल्या व्हरमॉंट राज्यातल्या जेन स्टिकल यांच्या १८६३ च्या क्विल्टमध्ये १६९ चौकोनी ब्लॉक आहेत, कडेचे त्रिकोण आणि कोपरे धरून २२५, आणि तुकडे ५६०२. तो आकडा त्यांनी स्वतः क्विल्टच्या कोपऱ्यात भरून ठेवलाय, नाव आणि सालासकट. तुमच्या लेबललाही हे तीन लागतील, आणि आकडा पहिल्या ब्लॉकपासून लिहिलेला असेल तर शेवटी मोजत बसावं लागणार नाही.