तपासणी अहवालातली एक ओळ खोडायची असेल तर

मागच्या वर्षी आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या तपासणी अहवालात एक ओळ होती : ‘मुलींचे स्वच्छतागृह – आहे, वापरात.’ माझी लेक सहावीत. ती सकाळी पाणी न पिता घरातून निघायची, कारण त्या दाराला कुलूप होतं आणि आत झाडू न्‌ खिचडीची मोठी पातेली रचलेली. मी तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष. अहवाल शाळेत येऊन पडलाय हे मला दीड महिन्यानं कळलं, तेही योगायोगानं.

तर पहिलं काम, अहवाल मागून घ्या. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, एकूण सदस्यांत निम्म्या बायका, आणि शाळेच्या कामावर देखरेख ठेवणं हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नं समितीला दिलेलं काम आहे. त्यामुळे ‘तुम्हाला कशाला हवाय?’ असं कुणी विचारलं तर गप्प बसू नका. तरीही मिळाला नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज करा : दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. उत्तराला तीस दिवस. अर्जात ‘अमुक तारखेच्या तपासणी अहवालाची प्रत’ एवढंच लिहा, गाऱ्हाणं लिहू नका.

अहवाल हातात आला की घरी बसून वाचू नका. तो घेऊन शाळेत फिरा. आम्ही चौघीजणी पेन घेऊन फिरलो. बारा ओळी खटकल्या, त्यातल्या तीनच ठेवल्या. ‘गुणवत्ता समाधानकारक’ यावर वाद घालून काही हाती लागत नाही, प्रत्येकाचं समाधान वेगळं. कुलूप मात्र सगळ्यांना दिसतं. कुलपाचा फोटो काढला, शेजारी त्या दिवशीचं वर्तमानपत्र धरून. नळ उघडून कोरडा दाखवणारा छोटा व्हिडिओही काढला.

मग समितीची सभा. इथे जरा जपून. मुख्याध्यापक समितीचे सदस्य सचिव असतात, इतिवृत्त तेच लिहितात. आमचे सर घाबरले होते, हरकत म्हणजे आपल्यावर तक्रार असं त्यांना वाटलं. मी म्हटलं, ‘सर, पाणी नाही म्हणून तुम्हीच दोनदा लेखी दिलंय ना? ती पत्रं आमच्या अर्जाला जोडा.’ त्यांचा चेहराच बदलला. शिक्षकांना समोरच्या बाजूला उभं केलंत तर प्रकरण तिथंच संपतं. ठराव इतिवृत्तात येऊ द्या, सूचक आणि अनुमोदकाच्या नावासकट, आणि उठण्याआधी सगळ्यांच्या सह्या घ्या. सह्या ‘उद्या करू’ म्हणून राहिल्या की राहिल्याच.

अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावानं, एका पानाचा. अहवालातली ओळ जशीच्या तशी उतरवा, खाली प्रत्यक्ष काय आहे ते लिहा, मग मागणी : ‘समितीच्या दोन पालक सदस्यांसमोर फेरतपासणी व्हावी.’ दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. मला पहिल्यांदा ‘ठेवून जा, ताई’ म्हणाले. मी ठेवून आले, आणि तो अर्ज कुठे गेला देव जाणे.

दाद लागलीच नाही तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम ३२ आहे. मुलाच्या हक्काबद्दल स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते, तिचा निकाल सुनावणी देऊन तीन महिन्यांत लावायचा असतो, आणि त्यावर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. आमच्यावर ती वेळ आली नाही. दुसऱ्या अर्जानंतर पाचव्या आठवड्यात विस्तार अधिकारी आले. त्यांनी स्वतः नळ फिरवला, थोडा वेळ तसेच उभे राहिले, आणि शेरेबहीत लिहिलं : ‘स्वच्छतागृह आहे. पाणी नाही. वापरात नाही.’

पातेली त्याच दिवशी हलली. पाइपलाइनसाठी शाळा विकास आराखड्यात तरतूद मागितली आहे, आता त्या फाइलीमागे आहे.