मावसभाऊ 'प्लॅन' घेऊन आला तर? चेन मार्केटिंग सचोटीचं आहे का हे कसं तपासायचं

आधी सांगून टाकतो, मी स्वतः चौदा महिने चेन मार्केटिंग केलंय, म्हणजे कंपनीचा माल विकायचा, आपल्या खाली माणसं जोडायची आणि त्यांच्या खरेदीवरही कमिशन घ्यायचं. कंपनीचं नाव घेत नाही, घेऊनही फार फरक पडणार नाही कारण हॉटेलातला हॉल तोच, टाय तोच, 'शंभर ओळखीच्यांची लिस्ट काढा' वाला कागद तोच आणि शंका काढली की 'निगेटिव्ह लोकांपासून लांब रहा' हे उत्तरही तेच. तर ही धंदा चांगला की वाईट अशी वादावादी नाही, समोर आलेला प्लॅन कसा चाळून घ्यायचा ते सांगतोय.

पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि तो चहा येईपर्यंत विचारून घ्या. 'गेल्या महिन्यात तुझ्याकडून कोणी कोणी माल घेतला, जे तुझ्या खाली जॉइन झालेले नाहीत?' बस, मग गप्प बसायचं. नावं पटापट आली, शेजारच्या काकू, ऑफिसातले दोघं, जिमवाला, तर पुढे ऐकायला हरकत नाही. 'अरे मी स्वतःच वापरतो ना' किंवा 'तू आधी सेमिनारला ये' असं आलं तर समजा की माल साखळीच्या आतच फिरतोय, म्हणजे खालच्याने भरलेल्या पैशातूनच वरच्याचा चेक निघतोय.

मग डबा हातात घ्या. मागे वजन बघा, शंभर ग्रॅमला किती पडतं ते काढा आणि तसाच माल मेडिकलमध्ये किंवा किराणा दुकानात कितीला मिळतो ते बघा. 'आमचा कॉन्सन्ट्रेटेड असतो' हे सांगतील, कधीकधी खरंही असतं, तर मग एक बाटली किती दिवस पुरते ते धरून हिशोब करा. साखळीबाहेरचा माणूस त्या भावाला दुसऱ्यांदा घेईल का, एवढंच बघायचं. नसेल घेणार तर ती डब्यात भरलेली जॉइनिंग फी आहे, बाकी काही नाही.

आता तो वहीवर झाड काढून दाखवेल, 'फक्त पाच जण आण, ते पाच पाच आणतील'. त्याच्याच पेनाने पुढे गुणत जा. ५, २५, १२५, ६२५... बाराव्या पायरीला २४ कोटी ४१ लाख येतात आणि २०११ च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या होती साधारण सव्वाअकरा कोटी, तान्ही बाळं धरून! साखळी कुठेतरी थांबणारच, आणि थांबते तेव्हा सगळ्यात जास्त माणसं अगदी खालच्या पायरीवर असतात. ही गणिताचीच अडचण आहे, त्यात कोणाची नियत चांगली असून उपयोग नाही.

तो एलआयसीचं उदाहरण देईल, मलाही दिलं होतं आणि मी तेव्हा गारच झालो होतो. 'एजंटने पॉलिसी विकली तर वरच्या साहेबाला फायदा होतोच की!' बरोबर. पण एजंटला कमिशन चालू ठेवायला दर महिन्याला स्वतःच नवी पॉलिसी घ्यावी लागत नाही, त्याला परीक्षा पास व्हावी लागते आणि पॉलिसी घेणारा पुढे एजंट होईल अशी कोणाची अपेक्षाही नसते.

कायद्याचं थोडक्यात. पैसे फिरवायच्या स्कीमवर १९७८ पासूनच बंदी आहे. डायरेक्ट सेलिंगचे, म्हणजे दुकानाशिवाय थेट गिऱ्हाइकाला विकण्याचे, वेगळे नियम डिसेंबर २०२१ मध्ये आले, त्यानुसार एंट्री फी घेता येत नाही, महिन्याची वर्गणी लावता येत नाही आणि नुसता माणूस जोडल्याबद्दल पैसेही देता येत नाहीत. घरी येणाऱ्याने आधी वेळ घेऊन यायचं, सोबत ओळखपत्र ठेवायचं. (माझ्या अपलाइनने, म्हणजे मला जोडणाऱ्या वरच्याने, असलं कार्ड कधी दाखवलं नाही, मीही कोणाला दाखवलं नाही, खोटं कशाला बोलू.) पळवाट कुठे असते तर 'अ‍ॅक्टिव्ह राहायला महिन्याला एवढे पॉइंट' यात. म्हणजे तेवढा माल दर महिन्याला स्वतःच घ्यायचा. कागदावर ती खरेदी, पण खिशाला वर्गणीच. म्हणून प्लॅनमध्ये हे आधी शोधा, की काहीच विकत न घेता, फक्त बाहेर विकून कमिशन मिळतं का?

आधीच आत असाल आणि नीट करायचं असेल तर १९७९ चा अमेरिकेतला निकाल उपयोगी आहे. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने अ‍ॅमवे ही चेन मार्केटिंग कंपनी पिरॅमिड, म्हणजे नुसती खालच्यांच्या पैशावर चालणारी साखळी, नाही असं ठरवलं ते मुख्यतः तीन नियमांमुळे: न विकलेला माल परत घ्यायचा, नवा माल उचलायच्या आधी जुना ७० टक्के विकलेला असायचा आणि महिन्याला निदान दहा गिऱ्हाइकांना विकायचं. पण कमाईचे फुगवलेले आकडे सांगितल्याबद्दल त्याच निकालात कंपनीला फटकारलंही होतं, ते स्टेजवर कोणी सांगत नाही. २०१६ मध्ये हर्बालाइफ या तसल्याच कंपनीला तिथेच २० कोटी डॉलर भरावे लागले आणि खऱ्या विक्रीवर पैसे मिळतील असा प्लॅन बदलावा लागला.

मी शेवटचे चार महिने ते दहा गिऱ्हाइकांचं स्वतःला लावून घेतलं. एक वही केली, त्यात पेट्रोल, सेमिनारची तिकिटं, लोकांना पाजलेला चहा, 'सॅम्पल' म्हणून फुकट दिलेल्या पुड्या सगळं लिहिलं, आणि कोणी विचारलं किती कमावतोस तर वहीच पुढे करायचो. 'शुगर बरी होते' वाले व्हॉट्सअ‍ॅप मेसेज पुढे पाठवणं बंद केलं, डायबिटीस बरा करतो अशी जाहिरात करायला कायद्यानेच बंदी आहे हे मला तोवर माहीतही नव्हतं! सात गिऱ्हाइकं टिकली, दहा कधीच झाली नाहीत. महिन्याला कसेबसे हजारभर सुटायचे. अपलाइन चिडला, म्हणाला तू तर दुकानदार झालास. तेव्हा पेटलं डोक्यात, की सचोटीने केलं तर हे होऊ शकतं, पण मग ते छोटं दुकानच होतं, आणि कारचा फोटो दाखवून दुकानदार गोळा करता येत नाहीत.

बाहेर पडायचं असेल तर करार काढून कूलिंग-ऑफची (जॉइन झाल्यावर दंड न भरता बाहेर पडायची) आणि माल परत घ्यायची मुदत बघा, सील न फोडलेला माल मोजा, पावत्या जोडून ईमेलवर लेखी मागणी करा, फोनवर नको. टाळाटाळ झाली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

आणि तुम्ही ज्यांना आणलं त्यांना तुम्हीच फोन करा, ग्रुपवर मेसेज टाकून सुटू नका. मी चौघांना केला. तिघांनी माल परत पाठवला, दोघांचे पैसेही आले. चौथी माझी मामी, तिने भिशीचे पैसे घातले होते आणि तिचे डबे फोडलेले होते, ते मी स्वतः विकत घेतले. त्यातले सहा डबे अजून आहेत.