जुन्या गाडीच्या रंगाला फोड येतात? या चुका टाळा

अँबेसेडर असो, पद्मिनी असो की जुनी जीप, दाराच्या खालच्या काठाला किंवा मडगार्डच्या कडेला रंग फुगला की गावात सल्ला एकच मिळतो, "घासा अन् एक हात मारून टाका." दिवाळीला गाडी चमकते आणि पुढच्या श्रावणात फोड परत त्याच जागी. वरच्या रंगाला शिव्या देऊन उपयोग नाही, भानगड खाली असते.

फोड न उघडताच रंगवणे

टाचणीने फोड उघडा आणि तळ बघा. तांबडा गंज दिसला तर पत्रा खाल्ला जातोय. पाणी निघालं, किंवा फोड उन्हाळ्यात बसतो आणि पावसाळ्यात उठतो, तर थरांत ओल अडकली आहे. खाली कोरडा, साफ प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) दिसला तर रंगाने पकडच घेतलेली नाही. बहुधा तेलाचा नाहीतर सिलिकॉनवाल्या पॉलिशचा हात लागलेला असतो. आणि टाचणीच्या टोकाएवढी बारीक छिद्रं दाट पसरली असतील तर अडकलेला थिनर रंग फोडून बाहेर पडलाय. या सगळ्या दुखण्यांवर पुट्टीचा एकच लेप चालत नाही.

दाराच्या तळचे फोड बहुतेक वेळा आतून येतात. तिथे पाणी निघून जायला छिद्रं ठेवलेली असतात. काळ्या मातीने ती बुजली की काचेवरून उतरलेलं पाणी आतच साचतं. आधी तार घालून ती मोकळी करा. पत्र्याला भोक पडलं असेल तर सडका भाग कापून नवा तुकडा वेल्डिंग करून घ्या. भोकात पुट्टी भरणारा पेंटर स्वस्त पडतो, पण एका पावसाळ्यापुरताच.

बोअरच्या पाण्याने घासणे

ही चूक आपल्याकडे सर्रास होते आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात खारपाण पट्टा आहे, तिथे जमिनीखालचं पाणीच खारं. त्या पाण्याने वॉटर पेपर (ओला करून घासायचा पॉलिश कागद) मारला की पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं आणि त्यावरच रंग चढतो. रंगाच्या थरातून ओलावा हळूहळू आत झिरपतोच. खालचं मीठ तो ओढून घेतं, पाणी जमतं आणि त्याच्या दाबाने रंग वर उचलला जातो. घामट हाताचा पंजा पत्र्यावर ठेवला तरी हेच होतं.

पाणी तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. काचेच्या तुकड्यावर चार थेंब टाकून उन्हात वाळवा. पांढरा डाग उरला तर शेवटची धुणी आरओच्या पाण्याने करा, स्वच्छ फडक्याने पुसा आणि सांधे, कोपरे पूर्ण वाळू द्या.

पॉलिएस्टर पुट्टी तर पाणी पितेच, तिला कोरडीच घासावी. सरफेसर म्हणजे रंगाआधी पत्रा सपाट करायला मारतात तो थर, तोही ओल धरतो. "सोयाबीन निघालं की रंग मारू" म्हणून नुसत्या प्रायमरवर गाडी पावसाळाभर अंगणात उभी ठेवली, तर फोडांची पेरणीच झाली म्हणायची. उघड्या पत्र्यावर आधी हार्डनरवाला (थर कडक करणारं द्रव्य मिसळून मारायचा) इपॉक्सी प्रायमर, त्यावर पुट्टी, मग सरफेसर, मग रंग, हा क्रम मला सर्वात भरवशाचा वाटतो.

मे महिन्याच्या दुपारी रंगाची गन हातात घेणे

पारा 45 च्या आसपास असताना उन्हातल्या पत्र्याला हात लावता येत नाही. त्यावर जाड हात मारला की दुधावर साय धरावी तसा वरचा थर लगेच धरतो आणि खालचा थिनर कोंडतो. उन्हाळ्यात काम टाळता येत नसेल तर पहाटे, सावलीत, पातळ हात मारा. थिनर हळू उडणारा घ्या आणि दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्या. पावसाळी हवेत एनसी (नायट्रोसेल्युलोज, थिनर उडून लगेच वाळणाऱ्या) रंगावर पांढरट झाक येते. दिवाळी ते होळी हा काळ बरा, मात्र सकाळचं दव उडाल्याशिवाय सुरुवात नको.

कॉम्प्रेसरच्या टाकीखालची चावी रोज उघडा. दमट दिवसांत तिथून गढूळ पाणी निघतं. ते काढलं नाही तर हवेबरोबर गनमधून थेट रंगात येतं.

जुना रंग कोणता, हे न विचारता त्यावर नवा चढवू नका. थिनरचं फडकं थोडा वेळ दाबून धरा. रंग विरघळून फडक्याला लागला तर बहुधा एनसी आहे, सुरकुतला तर इनॅमल (हळू वाळणारा तेलाचा रंग). इनॅमलवर एनसी मारलं की त्याचा कडक थिनर खालचा थर उचलतो. असा थर पूर्ण काढलेलाच बरा.

जुन्या रंगात शिसं असू शकतं. तो थर ओलाच घासा आणि पोरांना लांब ठेवा. पीयूच्या (पॉलियुरेथेन रंगाच्या) हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, फुफ्फुसाला घातक. तोंडाला बांधलेला दुपट्टा ते अडवत नाही. नुसत्या कार्बन फिल्टरच्या मास्कवरही भरवसा नको, बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क घ्या आणि दारं-खिडक्या उघड्या ठेवा.

रंगवलेली गाडी गुरांच्या कोठ्यात, खताच्या पोत्यांना लागून उभी करू नका. पोटॅश हे क्लोराइडचं मीठ आहे, ओल मिळाली की पत्रा खातं. प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट बांधली तर आतल्या आत घाम सुटतो. सुती चादर टाका आणि उघाड पडली की तीही काढून गाडीला वारा लागू द्या.