टीच-इनला निघताय? आधी मागणीचा कागद

इग्नेशियन फॅमिली टीच-इनला, म्हणजे जेझुइट (कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) शाळा-कॉलेजांच्या न्यायासाठीच्या संमेलनाला, यंदा आपल्यातले बरेच जण पहिल्यांदाच वॉशिंग्टनला चाललेत म्हणून हे लिहितोय. सुरुवात त्याच गोष्टीपासून जी मागच्या वेळी आमची राहिली. मागणीचा कागद. म्हणजे एक विधेयक, त्याचा नंबर, आणि तुमच्या सिनेटरने किंवा प्रतिनिधीने त्याचं नेमकं काय करायचं ते एका वाक्यात. सह-प्रायोजक व्हा (म्हणजे विधेयकाला आपलं नाव जोडा), बाजूने मत द्या, अमुक निधी कापू नका, जे असेल ते. शनिवार-रविवारची भाषणं ऐकून मन इतकं भरून येतं की वाटतं सोमवारी कॅपिटॉल हिलवर, अमेरिकी संसदेच्या ऑफिसांत, तोंड उघडलं की आपोआप सुचेल. नाही सुचत. आम्ही एका ऑफिसात स्थलांतरितांबद्दल अगदी पोटतिडकीने बोललो, समोरच्या स्टाफर (ऑफिसातली कर्मचारी) मुलीने वही उघडून सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, मग आमच्याकडून तुम्हाला काय हवंय? कोणाकडेच उत्तर नव्हतं, आणि तिच्या वहीत लिहिण्यासारखं काही उरलं नाही.

कपडे, चार्जर, औषधं तुमची तुम्ही बघाल. बूट मात्र चालायचे घ्या, कारण हाऊसची (प्रतिनिधींची) ऑफिसं कॅपिटॉलच्या दक्षिणेला आणि सिनेटची उत्तरेला, एका सकाळी दोन्हीकडे भेटी असल्या तर धावपळ होते, त्यात प्रत्येक इमारतीच्या दारात सिक्युरिटीची रांग. खिशातला चाकू वगैरे हॉटेलवरच ठेवा.

जाण्याआधी वाचून जा, हे मी हात जोडून सांगतो. १६ नोव्हेंबर १९८९ ला एल साल्वादोरमधल्या जेझुइट विद्यापीठात सहा फादरांना सैनिकांनी मारलं, सोबत स्वयंपाक करणारी एल्बा रामोस आणि तिची मुलगी सेलिना, आणि ते सैनिक ज्या बटालियनचे होते तिला अमेरिकेने ट्रेनिंग दिलेलं. म्हणूनच टीच-इन १९९७ मध्ये जॉर्जियातल्या फोर्ट बेनिंगच्या गेटपाशी सुरू झालं, जिथे लॅटिन अमेरिकेतल्या सैनिकांना शिकवणारी अमेरिकी लष्कराची शाळा, स्कूल ऑफ द अमेरिकाज, होती, आणि २०१० पासून वॉशिंग्टनला आलं. हे माहीत असेल तर मारल्या गेलेल्यांची नावं वाचताना सगळे ‘प्रेझेंते’ (स्पॅनिशमध्ये ‘हजर’) म्हणतात तेव्हा आपण कोणासाठी म्हणतोय ते कळतं. एल्बा आणि सेलिनाची नावं फादरांइतकीच पाठ करा, लोक ‘सहा जेझुइट’ म्हणून थांबतात, मला ते सहन होत नाही. आणि त्या सहा फादरांपैकी एलाकुरियांसारखी माणसं अन्यायाबद्दल मोघम बोलत नव्हती, जमीन कोणाची, बंदूक कोणाची, वाटाघाटी कोणी करायच्या हे नाव घेऊन बोलत होती. त्यांच्या नावाने जमून आपण मोघम बोलायचं हे बरोबर नाही. म्हणून कागद!

नंबर स्वतः तपासा. दर दोन वर्षांनी नवी काँग्रेस, म्हणजे अमेरिकी संसद, येते, मंजूर न झालेलं विधेयक तिथेच संपतं, पुन्हा मांडलं तर नवा नंबर, त्यामुळे जुन्या ग्रुपचा कागद झेरॉक्स करून नेऊ नका. तुमचा प्रतिनिधी आधीच सह-प्रायोजक आहे का तेही बघा, असेल तर आभार माना आणि पुढचं मागा.

गोष्ट एकच सांगा, एका माणसाची, दोन मिनिटांत, त्याच्या परवानगीने. कोण बोलणार ते आदल्या रात्री ठरवा. राहत्या पत्त्याचा झिप कोड लक्षात असू दे, आपण त्याच मतदारसंघातले आहोत का हे विचारतात. व्हिसावरचे विद्यार्थीसुद्धा तिथले रहिवासीच, बिनधास्त सांगा, पण शेवटची मागणी शक्यतो मतदाराच्या तोंडून येऊ दे. उमेदवार, पार्टी, निवडणूक, एक शब्द नको. स्टाफर विशीतला दिसला म्हणून हिरमुसू नका, साहेबांपर्यंत निरोप नेणारा तोच असतो.

आणि कागदाच्या प्रती जास्त काढा, एक स्टाफरच्या हातात, एक तुमच्याजवळ, फोनमध्ये आहे हे चालणार नाही, तिच्या टेबलावर काहीतरी राहिलं पाहिजे.

बाकी पटापट. स्टाफरचं कार्ड घ्या. फोटो विचारून काढा. त्याच रात्री आभाराची मेल करा, बसमध्ये झोप लागायच्या आधी, आणि त्यात मागणी नंबरसकट पुन्हा लिहा. उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी फोन करा.