ड्रेस हँगरवर सुंदर, मग अंगावर का नाही? लग्नाच्या खरेदीत या चुका टाळा

लग्नाच्या ड्रेसची फिटिंग करायला ज्या मुली माझ्यासमोर उभ्या राहतात, त्यांतल्या कितीतरी जणी आरशात बघून आधी स्वतःलाच नावं ठेवतात. "पोट दिसतंय ना?" "माझी फिगरच नाही हो अशा ड्रेसची." दर वेळी वाईट वाटतं. बहुतेक वेळा शरीराचा काही दोष नसतो, कमरेची शिवण दोन बोटं चुकीच्या जागी बसलेली असते.

म्हणून सगळ्यात मोठी चूक आधी सांगते: गळा, बाह्या, घेर सगळं बघायचं आणि ड्रेसची कंबर कुठे येते ते बघायचंच नाही. तुमची कंबर शोधायची असेल तर सरळ उभ्या राहा आणि एका बाजूला वाका. जिथे घडी पडते ती कंबर. तिथे एक दोरी बांधा आणि ड्रेस घातल्यावर शिवण त्या दोरीच्या वर येते की खाली, ते चाचपून बघा. शिवण खाली गेली असेल तर वरचं जादा कापड पोटावर गोळा होतं, त्यालाच आपण पोट समजतो. शिवाय पाय आखूड दिसतात. धड लांब असेल तर उलटं होतं, शिवण बरगड्यांवर चढते आणि ड्रेस कुणाचा तरी मागून आणल्यासारखा वाटतो.

एक ठेंगणी मुलगी चार ड्रेस नाकारून पाचवा घालून उभी होती, डोळ्यांत पाणी. मी दोन्ही खांद्यांवर कापड चिमटीत धरलं, दोन-दोन सेंटिमीटर वर घेतलं आणि टाचण्या लावल्या. छातीचा आकार जागेवर आला, कंबर जागेवर आली, पोटावरची घडी गेली. बाकी कशालाही हात लावला नव्हता. पण खांदा उचलला की मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो गोल भागही वर येतो आणि काखेत काचू शकतो. म्हणून टाचण्या लावल्यावर हात वर करून, मिठी मारल्यासारखे पुढे घेऊन बघायलाच हवं.

फिगरच्या तक्त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवणं ही दुसरी चूक. पेअर (खालून रुंद), ॲपल (पोटाशी भरलेलं), अवरग्लास (बारीक कंबर) हे शरीराचे प्रकार ढोबळ अंदाजापुरते ठीक आहेत. नितंब रुंद असतील तर कमरेपासून हळूहळू पसरणारा ए-लाइन घेर त्यांना न चिकटता खाली उतरतो, हे खरंच आहे. पण तुमचं धड लांब आहे की आखूड, खांदे उतरते आहेत की सरळ, हे त्या तक्त्याला कुठून कळणार? एम्पायर कट, म्हणजे छातीच्या लगेच खाली शिवण असलेला ड्रेस, पोट झाकतो म्हणून सुचवला जातो. पण छाती भरलेली असेल आणि ती शिवण छातीच्या खाली न बसता छातीवरच आली, तर तो सगळ्यात जास्त बिघडतो. मर्मेड, म्हणजे वर अंगाला चिकटून खाली पसरणारा ड्रेस आवडत असेल तर घेर गुडघ्यापाशी सुटतो की मांडीच्या मध्यापासून, ते बघा. उंची कमी असेल तर मांडीपासून सुटणारा बरा, पाऊलही नीट टाकता येतं.

साइझचा आकडा मनाला लावून घेणं. लग्नाच्या ड्रेसची मापं रोजच्या कपड्यांपेक्षा बरेचदा एक-दोन साइझ लहान धरलेली असतात. रोज जो आकडा घालता तोच हवा म्हणून हट्ट धरलात तर ड्रेस तंग येणार. छाती, कंबर, नितंब यांत जे माप मोठं निघेल त्यावरून साइझ घ्या आणि बाकीचं आत घ्यायला सांगा. सैल ड्रेस आत घेता येतो. तंग ड्रेस मात्र शिवणीत आत जेवढं कापड सोडलेलं असेल तेवढाच उसवून वाढतो. विकत घेण्याआधी ड्रेस उलटा करून ते कापड स्वतः बघा. शिवणीवर मणीकाम असेल तर काम आणखी वाढतं, कारण आधी मणी काढावे लागतात आणि मग परत लावावे लागतात. "तोवर बारीक होईन" या भरवशावर तर घेऊच नका.

दुकानात सॅम्पल घालून बघताना पाठीमागे हात लावून बघा. सैल ड्रेस मागून चिमटे लावून घट्ट केलेला असतो आणि समोरून तो नेमका मापाचा वाटतो. ते चालतं, पण चिमट्यांनी किती कापड ओढलंय ते कळायला हवं. पाठीचा फोटो काढून घ्या. लग्नात घालणार आहात तीच ब्रा आणि त्याच उंचीची टाच असू द्या, नाहीतर आजची लांबी उद्या चुकेल.

आता ड्रेस घेऊन झालाय आणि काहीतरी खटकतंय, अशांसाठी. सुरकुत्या वाचायला शिका. ताणलेल्या आडव्या सुरकुत्या म्हणजे तिथे तंग आहे, लोंबणाऱ्या उभ्या म्हणजे सैल. तिरक्या असतील तर त्यांचं टोक जिकडे जातं तिथे कापड ताणलंय.

स्ट्रॅपलेस, म्हणजे खांद्यावर पट्ट्या नसलेला ड्रेस घसरतोय? वरून आवळू नका, काखेपाशी मांस बाहेर येतं आणि ड्रेस तरीही घसरतोच. त्याचा भार कमरेवर पेलला जायला हवा. आतून कमरेला न ताणणारी जाड फीत शिवून घ्या आणि तिला हूक लावा. मी हे जिथे जिथे केलंय तिथे मुलींचं सारखं ड्रेस वर ओढणं थांबलंय.

ड्रेसची समोरची खालची कड वर उचलली जात असेल तर छाती किंवा पोटावरून जाताना लांबी खर्ची पडते आहे. आधी वरचं फिटिंग नीट करा, मग कड जमिनीपासून मोजून सारखी करा. कापड तिरकं कापलेलं असेल तर ड्रेस एक दिवस टांगून ठेवल्याशिवाय कड कापूच देऊ नका, ते लटकून लांबतं. क्रेपच्या कापडात आतल्या कपड्यांची रेघ उमटत असेल तर अस्तर बदलून फरक पडतो.

पहिली फिटिंग लग्नाच्या सहा ते आठ आठवडे आधी ठेवा, शेवटची एक-दोन आठवडे आधी. त्या शेवटच्या वेळी बसून, वाकून, जिना चढून बघा. आणि लग्नाच्या दिवशी जी तुम्हाला ड्रेस चढवणार आहे तिला सोबत आणा. आधी आतल्या फितीचा हूक, मग चेन. आणि पाठीला दोऱ्या असतील तर त्या वरून खाली ओढत आणून कमरेपाशी घट्ट करायच्या, हे तिच्या हाताखालून एकदा गेलेलं असू द्या.